साक्षीझाडाची तहान

दहाव्या दिवशी सकाळी विभा कळशी घेऊन अंगणाच्या टोकाशी आली आणि तिथेच थांबली. झाड फुललं होतं.

देवकुंडीच्या सगळ्या उतारावर कॉफीची झाडं पानं खाली सोडून उभी होती. पेरापेरांवर तांदळाच्या दाण्याएवढ्या कळ्या धरून ती महिनाभर वाट बघत होती. घरापासून बारा पावलांवरचं हे एकच झाड बुडापासून शेंड्यापर्यंत पांढरं झालं होतं. मोगऱ्याच्या जवळ जाणारा, पण जरा कच्चा वास अंगणभर होता. मधमाश्या कुठून आल्या होत्या कोण जाणे.

विभाने कळशी खाली ठेवली. गेल्या दहा दिवसांत ती रडली नव्हती. आताही रडली नाही, पण झाडाच्या फांदीला हात लावून बराच वेळ उभी राहिली.

विभाच्या, म्हणजे गावंड्यांच्या, घरात माणूस गेलं की दहा दिवस रोज सकाळी त्याच्या नावाने झाडाला पाणी घालत. शक्यतो पिंपळाला. इथे चिखलदऱ्याच्या डोंगरात जवळचा पिंपळ तीन किलोमीटर खाली होता, म्हणून तिने परतवाड्याच्या गुरुजींना फोनवर विचारलं होतं. ते म्हणाले, "पिंपळच हवा असं काही नाही, ताई. जवळचं असेल, तहानलेलं असेल, त्याला घाला."

तहानलेलं झाड शोधावं लागलं नाही. नळापासून रोपवाटिकेकडे जाणारा पाइप या झाडाला मोठा वळसा घालून गेला होता. वर्षानुवर्षं तिथूनच ओढल्यामुळे मातीत अर्धगोल खूणसुद्धा उमटली होती. रोपांना पाणी होतं आणि मधल्या या झाडाखालची माती मात्र भाजलेल्या विटेसारखी झाली होती. बाबांच्या हातांत शेवटी शेवटी ताकद राहिली नसेल, असं तिला वाटलं. ती रोज साडेसहाला दोन कळश्या घालत राहिली.

तेवढ्यात आत फोन वाजला. बाबांचा फोन. तो अजून चालूच होता; बंद करायला तिचा हात धजला नव्हता. पडद्यावर निरोप होता:

'अभिनंदन! देवकुंडी उतारावर फुलपाऊस झाल्याची साक्ष मिळाली आहे. या हंगामापुरतं आपलं विमा संरक्षण पूर्ण झालं.'

विभाने बाहेर येऊन आभाळाकडे पाहिलं. ते पितळी परातीसारखं स्वच्छ होतं.

*

नऊ वाजेपर्यंत अंगणात पंधरा-वीस माणसं जमली. तोच निरोप उतारावरच्या तेवीसही घरांत गेला होता. सहकारी संघाचा अध्यक्ष शालिकराम दहीकर टोपी काढून सगळ्यांना दाखवत होता.

"पाह्य बरं, ओली हाय का? माया टोपीवर तं थेंब नाही पडला. कंपनीच्या हापिसात पडला असन पाऊस!"

लोक हसले, पण हसू लगेच विरलं. फुलपाऊस म्हणजे काय हे इथे कुणाला सांगावं लागत नव्हतं. मार्च-एप्रिलात एक चांगली सर आली की आठ-दहा दिवसांत कॉफी फुलते. ती सर आली नाही तर कळ्या जळतात आणि वर्ष जातं. पूर्वी ती चुकत नसे. गेल्या बारा वर्षांत पाच वेळा चुकली होती.

विम्याच्या आधीच्या योजनेत पाऊस मोजणारं यंत्र चिखलदऱ्याच्या बसस्थानकामागे होतं. डोंगरात पाऊस एका उतारावर पडतो आणि शेजारच्यावर पडत नाही. यंत्र भिजायचं आणि देवकुंडी कोरडी राहायची. तेव्हा विभाच्या बाबांनी, दिगंबर गावंड्यांनी, अमरावतीच्या बैठकीत उभं राहून सांगितलं होतं की पत्र्याच्या डब्याला कशाला विचारता, झाडाला विचारा. दोन वर्षांनी कंपनीने खरोखरच तशी युक्ती आणली.

तिचं नाव कर्णसुई. झाडाच्या खोडात पाण्याचे केसाहून बारीक धागे मुळांपासून पानांपर्यंत ताणलेले असतात. माती सुकली की वरून पानं ओढत राहतात आणि खालून पाणी येत नाही. मग एकेक धागा तटकन तुटतो. तुटताना बारीक टिक् असा आवाज होतो. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही, सुईला येतो. टिकटिक थांबली आणि फुलोऱ्याकडे रस चढू लागला, की सुई समजते, पाऊस आला; मग त्या वर्षी भरपाई नाही.

प्रत्येक उतारावर एकच साक्षीझाड होतं. कुणी मुद्दाम ते कोरडं ठेवू नये म्हणून कंपनीने शंभर झाडांवर एकसारखी करड्या रंगाची बटणं बसवली होती. त्यांतल्या एकाच बटणाखाली सुई होती. ते झाड कोणतं, हे इथल्या अधिकाऱ्यालासुद्धा कळवलेलं नव्हतं.

विभाची नजर फुललेल्या झाडाकडे गेली. खोडावर, गुडघ्याच्या उंचीला, करडं बटण होतं. तिथे रोज कळशी टेकवूनही तिला ते दिसलं नव्हतं.

"शालिकरामकाका," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला. "पाणी मी घातलं. कालपर्यंत रोज. बाबांच्या नावाचं."

मधमाश्यांचा आवाज एकदम मोठा झाला.

शेवटी शालिकरामने टोपी डोक्यावर घातली. "कोणाले सांगू नोको, पोरी."

"काका, सगळ्यांची भरपाई गेली माझ्यामुळे."

"गेली तं गेली, एक वर्स गेलं. सांगशीन तं पाच जातीन. कागदात लिवलं हाय. साक्षीझाडाले मानसाचं पानी लागलं असं ठरलं, की उतार पाच वर्सं विम्याभायेर." तो इतरांकडे वळला. "चूप राहा सारे. सुई बिघडली म्हना. येईन तो सायेब अन् जाईन."

"तुमाले एक वर्स सोपं हाय, भाऊ. तुमची गाडी चालते टुरिस्टायची." हा आवाज फाटकाजवळून आला. बाबांना रोपवाटिकेत मदत करणारी फुलवंती कासदेकर आत आली. हातात पिशवी होती. ती धारणीला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. दिगंबरभाऊ गेले तेव्हा ती इथे नव्हती. "माया घरी याच वर्साचं कोडं हाय. आता काईच नाही भेटलं तं माया पोरगा अन् सून वीटभट्टीवर जातीन. बगीचा कोन पाह्यन? झाडं पाच वर्सांची झाली माई. लेकरावानी वाढोली."

ती बोलता बोलता थांबली. तिला झाड दिसलं होतं.

पिशवी तशीच हातात धरून ती झाडापाशी गेली, खाली बसली आणि आळ्यातली ओली माती बोटांनी चाचपली. मग विभाकडे वळली. चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच विभाला सोसलं नाही.

"भाऊनं या झाडाले तीन वर्सं थेंब देल्ला नाही, माय."

"आजारामुळे ना?"

"आजार तं औंदाचा. भाऊले ठाऊक होतं, हेच हाय म्हनून."

"कसं?"

"दवावरून. हिवाळ्यात पहाटं साऱ्या बटनाईवर दव धरे. याच्यावर धरे नाही. सुई चालते तं बटन कोमट राह्यते, असं म्हने भाऊ. मले दाखोलं अन् म्हने, फुलवंती, कोनाजोळ बोलजो नोको. कळलं तं उद्या कोनी पाऊस आल्यावर प्लास्टिक टाकन याच्या बुडी. याले खरं बोलू दे, म्हने." तिने मातीतल्या अर्धगोल खुणेकडे बोट दाखवलं. "तो पाइप मीच ओढो. भाऊ तठी उभा राह्ये अन् म्हने, वळसा घे. वळसा घे."

विभा त्या खुणेकडे बघत राहिली. खिडकीतून दिसणारं झाड. नळ बारा पावलांवर. आणि तीन वर्षं बाबा रोज चहा घेताना त्याच्याकडे बघत बसले असतील.

*

पडताळणी अधिकारी दुपारी दोनला आला. देवघरे त्याचं नाव. पस्तिशीचा, घाटातल्या वळणांनी फिका पडलेला. चहाला तो नको म्हणाला, पाणी मागितलं. सगळं अंगण त्याच्याकडे बघत होतं आणि तो झाडाकडे. शंभर बटणांचं गुपित आता उरलंच नव्हतं.

"तक्रार संघाने केली आहे," तो हातातला पडद्याचा फलक उघडत म्हणाला. "पाऊस झाला नसताना साक्ष नोंदली गेली, अशी. बरोबर?"

"बराबर," शालिकराम म्हणाला. "सुईत बिघाड असन."

"सुई चालू आहे." देवघरेने कानातलं यंत्र पुढे केलं. "कुणाला ऐकायचं आहे? आवाज माणसाच्या कानाला झेपेल असा उतरवलेला आहे."

विभाने हात पुढे केला. नागपूरच्या दवाखान्यात ती रोज हेच करत असे. लहान मुलांच्या, म्हाताऱ्यांच्या कानांत आवाज सोडून त्यांना किती ऐकू येतं ते मोजत असे. बाबांची श्रवणशक्तीही तिनेच तपासली होती, दोन वर्षांपूर्वी. डावा कान जवळजवळ गेला होता. बाबा हसून म्हणाले होते, माझं ऐकायचं काम आता झाडं करतात.

तिने यंत्र कानात घातलं.

आधी नुसती टिकटिक होती. पातळ, घाईची, कुणीतरी वाळक्या काड्या मोडत बसल्यासारखी. चौदा एप्रिल, असं फलकावर उमटलं. बाबा गेल्याच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. मग साडेसहाच्या सुमाराला टिकटिक अडखळली. मंदावली. दुपारी पुन्हा वाढली. दुसऱ्या दिवशी साडेसहाला पुन्हा मंदावली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सहाव्या दिवसापासून जवळजवळ शांतता, आणि शांततेच्या खाली काहीतरी सरकत वर चढल्याचा भरीव, अखंड आवाज.

आपण झाडाला काय दिलं, ते विभाने ऐकलं. पहिल्यांदाच तिचे डोळे भरून आले. तिने यंत्र काढलं.

देवघरे तिच्याकडेच बघत होता. "तुम्हालाही कळलं ना?" तो हळू म्हणाला. "कंपनीची प्रणाली पाणी मोजते, त्याची वेळ बघत नाही. पाऊस काही रोज साडेसहाला येत नाही. मी परतवाड्यातच ऐकलं होतं. घाटात गाडी थांबवून पुन्हा ऐकलं." त्याने फलकाची कड अंगठ्याने पुसली. "माझ्यासमोर दोन रकाने आहेत. एक 'नैसर्गिक', दुसरा 'मानवी हस्तक्षेप'. मी पाणी कोणी घातलं हे विचारलं, तर उत्तर लिहावं लागेल. नाही विचारलं, तर नाही."

शालिकरामने विभाकडे पाहून डोळे मोठे केले.

विभा त्याच्याजवळ गेली. "काका, मी नागपूरला निघून जाईन. इथे तुम्ही राहणार. म्हणून विचारते. गप्प बसू?"

"तेच तं सांगून राह्यलो मी. तुमी जासान, भोगू आमी."

तिने फुलवंतीकडे पाहिलं. फुलवंती झाडाच्या सावलीत बसली होती. तिच्या घरातली दोन माणसं या उत्तरावर अडकली होती, हे अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"चूप राह्यलो तं हे झाड खोटं ठरते," ती शेवटी म्हणाली. "म्हंजे भाऊचा वळसा बी खोटा. तू सांग, माय."

"फुलवंती, तुले अक्कल हाय का?" शालिकराम ओरडला. "पाच वर्सं!"

"अन् उद्या कंपनीले आपोआप कळलं, तं दहा. या सायेबाले कळलं, तं बाकीच्याइले नाही कळन?"

विभा देवघरेकडे वळली.

"पाणी मी घातलं. रोज साडेसहाला, दोन कळश्या. माझ्या वडिलांच्या नावाने. हे साक्षीझाड आहे हे मला ठाऊक नव्हतं. लिहा."

देवघरेने डोळे क्षणभर मिटले. त्याचं बोट दुसऱ्या रकान्याकडे गेलं.

"थांबा. अजून आहे. या झाडाची तीन वर्षांची नोंद काढा."

"तिचा या तक्रारीशी संबंध नाही."

"काढा तर. मी रोज माणसांच्या नोंदी वाचते. एका दिवसावरून मी कुणाला बहिरं म्हणत नाही."

देवघरेने नोंद काढली. तीन वर्षांची रेघ फलकावर पसरली. उन्हाळ्यात चढणारी, पावसात उतरणारी. विभाने बोट ठेवलं. "हा मागचा एप्रिल. मागच्या वर्षी फुलपाऊस आला होता ना, काका?"

"आल्ता. बारा तारखेले."

"बारा तारीख. बघा, रेघ उतरली. झाडाने पाऊस सांगितला आणि भरपाई मिळाली नाही. माझ्या वडिलांना हे झाड ठाऊक होतं." तिने सुस्कारा टाकला. "हो, ठाऊक होतं. फुलवंतीमावशींना दवाचं विचारा. एक प्लास्टिकचा कागद आळ्यावर टाकला असता, तर मागच्या वर्षी तेवीस घरांना न झालेल्या दुष्काळाची भरपाई मिळाली असती. त्यांनी टाकला नाही. आणि त्याच्या आधीचं वर्ष बघा. मे महिना. किती टिकटिक आहे. नळ बारा पावलांवर आहे, देवघरे. मोजा. रोज पाइप इथूनच जात होता. त्यांनी एक थेंब घातला नाही. ही दोन्ही वर्षं कोणत्या रकान्यात बसतात?"

देवघरे खरोखरच उठला. नळापासून झाडापर्यंत पावलं टाकत गेला, मातीतल्या अर्धगोलावरून चालला, परत आला.

"रकाना नाही," तो म्हणाला. "पण निवेदन जोडता येतं. तुमचा आवाज, फुलवंतीबाईंचा आवाज आणि तीन वर्षांची नोंद. निर्णय मी घेत नाही, प्रणाली घेते. ती काय ठरवेल, मला सांगता येणार नाही. असं प्रकरण तिच्यासमोर आलेलं नाही."

"मंग?" शालिकरामने विचारलं.

"भरपाईची मुदत तीस तारखेपर्यंत आहे. सात दिवस. तोपर्यंत सुई ऐकत राहील. पाणी थांबल्यावर हे झाड कोरड्या उतारावरच्या झाडासारखं पुन्हा तहानलं, तर निवेदनाला पुरावा मिळेल. जितकं ठळक ऐकू येईल, तितकं बरं." तो विभाकडे वळला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज अधिकाऱ्यासारखा राहिला नाही. "म्हणजे ताई, याला आता हात लावायचा नाही. एक तांब्यासुद्धा नाही."

"फुलं गळतील," विभा म्हणाली.

"गळतील."

"त्याला फळ धरायचं असेल तर पाण्याची सर लागेल."

"लागेल." त्याने कानातलं यंत्र तिच्यासमोर धरलं. "हे ठेवा. नियमात आहे, संघाच्या एका माणसाला ऐकायचा हक्क असतो."

शालिकरामने यंत्राकडे पाहिलं, मग विभाकडे. "ठेव तुयाजोळच," तो म्हणाला. "मले नाही ऐकवनार."

*

विभाने नागपूरला फोन करून रजा वाढवली. फुलवंतीने रोपांना पाणी देण्यासाठी पाइप ओढला. झाडाजवळ येताच ती क्षणभर थांबली, विभाकडे पाहिलं, आणि मातीतल्या जुन्या खुणेवरून वळसा घेतला.

अकराव्या दिवशी साडेसहाला विभा सवयीने उठली. हात सवयीने कळशीकडे गेला. ती भरून होती. आदल्या दिवशी अंगणात तशीच राहिलेली. ती कळशी तिने रोपवाटिकेत नेऊन रिकामी केली आणि परत येऊन झाडापासून दोन पावलांवर बसली. फुलं अजून पांढरीशुभ्र होती. आळ्यातली माती वरून फिकट पडली होती. पूर्वेकडे सिल्व्हर ओकच्या रांगेमागे आभाळ तसंच पितळी होतं.

तिने यंत्र कानात घातलं. शांतता होती. खोल, भरलेली, वर चढणारी शांतता. तिने डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशीही तशीच शांतता होती. तिसऱ्या दिवशी ऊन अंगणात उतरलं तेव्हा ते आलं. टिक्.

विभाने श्वास रोखला. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टिक्. एक पाकळी गळून तिच्या पायाशी पडली; कडेने तपकिरी झालेली. तेवीस घरांना हाच आवाज हवा होता, जितका मोठा तितका चांगला. आणि तिचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकवून ठेवावे लागत होते, कारण नळ बारा पावलांवर होता.

बाबांना तर उजव्या कानाने जेमतेम ऐकू येत असे, आणि असलं यंत्र त्यांच्याजवळ कधीच नव्हतं. मग तीन उन्हाळे रोज सकाळी या खिडकीत चहा घेऊन बसलेले असताना, त्यांना हे ऐकू येत होतं का?